काना, आणि आमचा नळ

सहलीचे पैसे रिबकानं भरले, हप्त्यांनी.
चाळीसावं वर्ष, म्हणाली, आईला एकदा विमानात बसवा.
मी म्हणालो, पन्हाळा काय वाईट आहे?
तोवर सुवार्ता फोटो काढून आलीसुद्धा,
शाहूपुरीतल्या स्टुडिओत, केस चापून,
पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं म्हणून रुसल्यासारखी.

बॅगेत कांदा-लसूण चटणी, भडंगाचे दोन पुडे,
नि तिचं जुनं बायबल,
ज्याच्या कव्हरवर माझा अंगठा आहे, ग्रीसचा.
उद्यमनगरातून आल्या आल्या एकदा हिसकावून फेकलं होतं मी ते.
डाग निघतो रॉकेलनं. तिनं काढला नाही.

गालील समुद्राकाठी सगळी रडत होती.
ती म्हणाली, रंकाळाच की, जरा मोठा.
मग चपला काढून पाण्यात उभी राहिली
नि बस सुटायची वेळ झाली तरी
कुणाशी बोलेना.

काना गावात चर्चच्या तळघरात
काचेमागे एक दगडी रांजण आहे.
आमची अकरा जोडपी. आढाव पाळक म्हणाले,
हात धरा, माझ्यामागून म्हणा.
सुखात नि दुःखात, आजारात नि आरोग्यात.
मी म्हणालो. लेथवर बोथट हत्यार लावावं
तसा आवाज निघाला.
मग ती. स्वच्छ, मोठ्यानं: वचन देतो.

ठाण्याच्या बायका हसल्या. अहो, देते म्हणा, देते!
आमच्यात असंच म्हणत्यात, ती म्हणाली,
मी येतो, मी जातो, मी देतो.

चौऱ्याऐंशी सालीही देवकुळे पाळक इथंच अडले होते.
तीनदा म्हणवून घेतलं, तीनदा ती 'देतो'च म्हणाली,
शेवटी पुस्तक मिटत म्हणाले,
देवाला कळलंय, चला पुढं.
म्हणजे आम्ही दोघांनी
अक्षर न् अक्षर एकच शब्द उच्चारला होता.
पाळला एकानं.

गाईड सांगत होता, या गावात
पाण्याचा द्राक्षारस झाला, तिसऱ्या दिवशी.
मला एक घर माहीत आहे जिथं उलटं झालं,
नि त्याला अठरा वर्षं लागली.
कसं ते विचारू नका.
प्रार्थना तिच्या होत्या, ओकाऱ्या माझ्या,
बादली आमच्या दोघांची.

बाहेर दुकानात चाखायला देत होते,
अंगठ्याएवढ्या कपात, फुकट, पवित्र म्हणून.
ट्रे माझ्यासमोर थांबला.
बावीस वर्षं. तरी वास आला की
जीभ अजून आपली आपण हलते.
तिनं माझ्या हाताकडं पाहिलं नाही.
स्वतःचा कप उचलला, रिकामा केला,
मग माझाही.
आयुष्यात पहिल्यांदा.
तोंड वाकडं करून म्हणाली,
काढा बरा ह्यापेक्षा. ह्यासाठी रडवलंत होय मला?
आणि दुकानभर ऐकू जाईल अशी हसली,
कान लाल, चपला करकर वाजवत
उन्हात जाऊन बसली.

मीही हसलो की नाही, आठवत नाही.
बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली
नि तिच्या श्वासाला तो वास होता,
जो इतकी वर्षं
तिनं माझ्या श्वासात सोसला.
मी खिडकी उघडली नाही.

परत येऊन आज चौथा दिवस.
भाचीनं आणलेला केक फ्रिजमध्ये कडक झालाय.
साडेपाचला नळ आला,
मी दारात उभा, चहाची वाट बघत.
हंडा, कळशी, दोन बादल्या, पिंप, फिल्टरचं भांडं.
सहज मोजली. सहा.
तिला सांगणार होतो,
तेवढ्यात आतून हाक आली:
नुसतं बघताय काय, तो नळ बंद करा,
काठोकाठ झालंय.